सरकारसाठी डेटा शिकायचाय? आधी हा भागाकार बघा

नमस्कार! आज एका भागाकाराने सुरुवात करू. कागद-पेन जवळ असेल तर घ्याच.

समजा, एका मुलीने वर्षातले पहिले सहा महिने नोकरी केली. दर पंधरवड्याला 1,000 डॉलर, असे 13 पंधरवडे. वर्षाची कमाई 13,000. पुढचे सहा महिने काम नव्हतं, तेव्हा तिने बेकारी भत्ता घेतला, अगदी नियमाप्रमाणे. आता 13,000 ला वर्षाच्या 26 पंधरवड्यांनी भागा. आले 500. म्हणजे कागदावर ती भत्ता घेत होती तेव्हाही दर पंधरवड्याला 500 कमावत होती! मग तिला पत्र येतं: तुम्ही कमाई लपवली, पैसे परत करा.

मुलगी मी उदाहरणापुरती घेतली. भागाकार मात्र खरा आहे. ऑस्ट्रेलियात 2016 पासून 'रोबोडेट' नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेत हेच झालं. कर खात्याकडचा वर्षाचा आकडा पंधरवड्यांवर सारखा वाटला गेला आणि चूक नाही हे सिद्ध करायचं ओझं लोकांवर आलं. 2020 मध्ये सुमारे 4 लाख 70 हजार वसुल्यांचे पैसे परत करायची घोषणा सरकारला करावी लागली. 2023 च्या चौकशी आयोगाने या योजनेला क्रूर आणि बेकायदा म्हटलं.

गणित बरोबर होतं, हे लक्षात घ्या. भत्ता ठरतो पंधरवड्याच्या कमाईवर आणि हातात असलेला आकडा वर्षाचा; ही फट कोणीतरी वेळेवर दाखवून थांबवायला हवं होतं. सार्वजनिक धोरणासाठी डेटा अ‍ॅनालिटिक्सची पदव्युत्तर पदवी असते ना, ती मला वाटतं या एका माणसासाठी असते. ही फट दिसणारा आणि वरिष्ठांना ती समजेल अशा भाषेत सांगू शकणारा माणूस.

असे अभ्यासक्रम आता बरेच आहेत. शिकागो विद्यापीठात सार्वजनिक धोरण आणि कॉम्प्युटर सायन्स दोन्ही विभाग मिळून चालवतात तो, जॉर्जटाऊनचा, बर्लिनच्या हर्टी स्कूलचा. पायथन, आर, एसक्यूएल या डेटा हाताळायच्या संगणकभाषा, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र हे बहुतेक ठिकाणी सापडेल. त्यावर मी फार वेळ घालवत नाही. कोडिंग इतरत्रही शिकता येतं.

वेळ द्यायला हवा तो कार्यकारणभावाच्या विषयाला. कंपनीला बऱ्याचदा एवढंच हवं असतं की कोण काय खरेदी करेल. सरकारला विचारायचं असतं: आपण ही योजना आणली म्हणून काय बदललं? लाभार्थी आणि बाकीचे लोक यांची नुसती तुलना करून चालत नाही, कारण अर्ज करणारे मुळातच वेगळे असू शकतात. जास्त आजारी, जास्त गरजू.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात 2008 साली याची एक विलक्षण संधी मिळाली. कमी उत्पन्नाच्या प्रौढांसाठी सरकारी आरोग्य विम्याच्या जागा थोड्या, मागणारे खूप. म्हणून सोडत काढली. कोणाचं नाव निघेल हे निव्वळ नशिबावर, त्यामुळे नाव निघालेले आणि न निघालेले, दोन्ही गट सुरुवातीला सारखे. बऱ्याच जणांना वाटत होतं, विमा मिळाला की लोक साध्या डॉक्टरकडे जातील आणि इमर्जन्सीतली गर्दी कमी होईल. झालं उलट: विमा मिळालेल्यांच्या इमर्जन्सीतल्या फेऱ्या सुमारे 40 टक्क्यांनी वाढल्या. त्याच अभ्यासात लोकांची आर्थिक ओढाताण आणि नैराश्य कमी झालेलंही दिसलं. मग ही योजना चांगली की वाईट? याचं उत्तर कुठलंही सॉफ्टवेअर देत नाही. इथे धोरणाचा अभ्यास सुरू होतो, आणि मला हा विषय इतका आवडतो तो याच जागेमुळे.

तेव्हा कॉलेज निवडताना माझा आग्रह दोन गोष्टींचा. एक, शेवटचा प्रकल्प खऱ्या सरकारी कार्यालयासोबत असतो का, आणि तिथला अर्धवट भरलेला, रकाने रिकामे असलेला डेटा तुमच्या हातात येतो का? दोन, प्रशासकीय कायदा आणि खासगीपणा हे विषय सक्तीचे आहेत की ऐच्छिक? ऐच्छिक असले तरी घ्या. रोबोडेट शेवटी कायद्याच्या कसोटीवर कोसळलं.

गणिताची भीती असेल तर अर्ज करण्याआधी संभाव्यता आणि रिग्रेशन (एका गोष्टीबरोबर दुसरी किती बदलते हे मोजायची संख्याशास्त्रातली पद्धत) पक्कं करा. धोरणाकडून येणाऱ्यांची दमछाक इथेच होते.

आणि आजच सुरुवात करायची असेल तर कुठल्याही सरकारचा एक खुला डेटासेट उतरवून घ्या. आलेख काढू नका इतक्यात. एकच कॉलम निवडा. तो आकडा कोण भरतं, कधी भरतं, कशासाठी भरतं आणि कोणाची नोंद त्यात होतच नाही, हे शोधून एक पानभर लिहा. प्रवेशाच्या निबंधात ते पान घाला.