मांजर क्रमांक ४००

श्रोतेहो, नमस्कार.

कारखान्याचं सांडपाणी समुद्रात सोडलं की विरून जातं, असं अजूनही सर्रास बोललं जातं. विरत नाही, श्रोतेहो. पाऱ्याचं विष विरत नाही. ते गाळात बसतं, शिंपल्यांत शिरतं, लहान माशातून मोठ्या माशात चढतं आणि चढता चढता वाढतं. मासळी कितीही धुवा, तळा, उकळा, ते जागचं हलत नाही.

जपानच्या किनाऱ्यावर मिनामाता नावाचं गाव आहे. तिथे चिस्सो कंपनीचा रसायनांचा कारखाना होता. १९५०च्या दशकात गावातली मांजरं झिंगल्यासारखी गरगरू लागली, लाळ गाळू लागली, काही तर समुद्रात पडून मेली. मला मांजर फारसं आवडत नाही, मतलबी जात. कुत्रा निदान दारात वाट तरी बघतो. पण धोक्याची पहिली खूण दिसली ती मांजरांतच. मग माणसांचे हातपाय बधिर झाले, जीभ अडखळू लागली. १ मे १९५६ रोजी आजाराची अधिकृत नोंद झाली. आरोग्य खात्याला कळवलं कोणी? कंपनीच्याच दवाखान्यातल्या डॉक्टर हाजिमे होसोकावांनी!

आता पुढचं नीट ऐका. कारखान्यात ॲसिटाल्डिहाइड नावाचं रसायन बनवताना पारा वापरत. १९५९च्या जुलैपासून होसोकावांनी तिथलंच सांडपाणी एका मांजराच्या खाण्यात कालवलं. मांजर क्रमांक ४००. ऑक्टोबरात त्याला झटके येऊ लागले, ते भिंतीवर आपटू लागलं. गावातल्या मांजरांचीच लक्षणं! कंपनीने प्रयोग थांबवले, निष्कर्ष दाबून ठेवला, आणि डिसेंबरात सांडपाणी शुद्धीकरणाच्या नव्या यंत्राचा थाटात समारंभ केला. फीत दिसली की लोकांचा विश्वास का बसतो, हे मला कधीच उमगलेलं नाही. ते यंत्र पारा काढण्यासाठी नव्हतंच. पाऱ्याचं पाणी १९६८पर्यंत समुद्रात जातच राहिलं.

खटला उभा राहिला तेव्हा होसोकावा कर्करोगाने अंथरुणाला खिळले होते. १९७० साली रुग्णालयातल्या खाटेवरून त्यांनी साक्ष दिली, मांजर क्रमांक ४०० ची. त्याच वर्षी ते गेले. १९७३ साली न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरलं.

पण पारा? तो गाळातच होता. विरत नाही, म्हटलं ना. विषारी मासळी बाहेर जाऊ नये म्हणून १९७४ साली खाडीत आडवं जाळं टाकावं लागलं. ते निघालं १९९७ साली.

नमस्कार.