प्रदर्शनासाठी लाइट इन्स्टॉलेशन करताय? आधी तिथला अंधार बघा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय, "दादा, प्रदर्शनात लाइट इन्स्टॉलेशन (म्हणजे जागेत उजेडानेच उभी केलेली कलाकृती) करायचंय, कुठली एलईडी स्ट्रिप (दिव्यांची पट्टी) घेऊ?" पण जागा कुठली, भिंत कसली, प्रदर्शन दिवसा की रात्री, हे कुणीच लिहीत नाही. म्हणून आज त्यावरच बोलू.

वायरिंगचं पटकन उरकतो. स्ट्रिप लांब असेल तर 12 ऐवजी 24 व्होल्टची घ्या, नाहीतर शेवटच्या टोकाला उजेड मंदावतो. पॉवर सप्लाय लोडपेक्षा थोडा मोठा ठेवा. अर्थिंग लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. झालं.

आता खरं काम. प्रेक्षक ज्या वेळेला येणार, त्याच वेळेला जागेवर जा. आतले सगळे दिवे बंद करायला सांगा आणि नुसते उभे राहा. डोळे अंधाराला नीट सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात. सुरुवातीला गुडुप वाटलेल्या खोलीत हळूहळू दाराखालची फट दिसते, समोरच्या दुकानाची पाटी दिसते, एक्झिटचा बोर्ड दिसतो. तो बोर्ड कधीही झाकायचा नाही, तो धरूनच रचना करायची.

पुण्यातल्या एका जुन्या वाड्यात मी काम करत होतो. आयोजक म्हणाले, "माजघरात दिवसासुद्धा अंधार असतो." मी संध्याकाळी गेलो, तर गल्लीतला पिवळा दिवा खिडकीच्या गजांतून थेट चुन्याच्या भिंतीवर पडत होता. मी तो तसाच राहू दिला आणि बाजूने मंद निळा सोडला. गजांच्या सावलीत पिवळा पोचत नाही, तिथे निळा भरला. लोक त्या निळ्या सावल्यांपाशीच थांबत होते. जागेचा उजेड आधी बघितला होता, म्हणूनच हे सुचलं.

मोठे कलाकारही जागेपासूनच सुरुवात करतात. ओलाफुर एलियासन यांनी 2003 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात दिव्यांचा सूर्य उभा केला. तिथला टर्बाइन हॉल प्रचंड उंच. त्यांनी दिव्यांचं फक्त अर्धवर्तुळ लावलं आणि छताला आरसे बसवले, उरलेला अर्धा सूर्य आरशाने दिला. दिवे एकाच पिवळ्या रंगाचे, त्यामुळे माणसांच्या कपड्यांचे रंगच नाहीसे झाले. हेच काम खिडक्यांच्या बुटक्या खोलीत हलवून बघा, काय उरेल?

एका ताईंनी लिहिलंय, "आयोजकांनी जागेचे फोटो पाठवलेत, तेवढे पुरे ना?" नाही हो, ताई! मोबाईलचा कॅमेरा अंधार स्वतःच उजळून दाखवतो. फोटोवरून खोलीची मापं कळतील, अंधार कळणार नाही. आणि गॅलरीच्या पांढऱ्या भिंती उजेड खोलीभर फेकतात. तुमचा लाल रंग शेजारच्याच्या चित्रावर जातो, त्याचा स्पॉटलाइट तुमच्या कामावर येतो. त्याचे दिवे सुरू असतानाही एकदा जाऊन बघा.

आणखी एक गोष्ट, प्रेक्षक कुठून आत येतो? जपानमध्ये नाओशिमा बेटावर उजेडाचीच कामं करणारे कलाकार जेम्स टरेल यांचं 1999 चं एक काम आहे, वास्तुविशारद तादाओ आंदो यांनी त्याच्यासाठी बांधलेल्या लाकडी इमारतीत. आत पूर्ण काळोख. बसून राहायचं. काही मिनिटांनी समोर मंद उजेड दिसू लागतो. तो आधीपासूनच तिथे असतो, डोळे आत्ता तयार झालेले असतात. आपल्याकडे प्रेक्षक झगझगीत लॉबीतून सरळ आत शिरतो, त्याला काही दिसत नाही आणि तो पुढे निघून जातो. फार वाईट वाटतं मला हे बघून.

म्हणून दारापाशी वळण असलेला छोटा बोळ करा, दोन्ही बाजूंना जाड काळं कापड लावा, जमिनीवर पायरी ठेवू नका. आणि या बोळाची जागा क्युरेटरकडे, म्हणजे प्रदर्शनाची मांडणी ठरवणाऱ्याकडे, पहिल्याच मीटिंगमध्ये मागून घ्या, कारण एकदा मांडणीचा नकाशा पक्का झाला की एक फूटसुद्धा कुणी सरकवून देत नाही.