तान्ह्याशी खेळायला आईला वेळ कोण देणार?

(अंगणवाडी सेविका, आशाताई आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

ताईंनो, आज्यांनो, आणि दाराशी उभे आहात त्या दादांनो, आत येऊन बसा. आजचं बोलणं तुमच्यासाठीही आहे.

तीन वर्षांखालचं मूल अंगणवाडीत येतं ते वजनाला आणि टीएचआरला, म्हणजे घरी न्यायच्या आहाराच्या पाकिटाला. काट्यावर ठेवलं, नोंद झाली, पाकीट घेतलं, आई निघाली. हे काम हवंच. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी भरली. पण वजन वाढलं म्हणजे मूल वाढलं असं आपण धरून चालतो, ते मला मान्य नाही. दोन वर्षांचं होईतो मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळपास ८० टक्के आकाराचा होतो. त्या काळात मुलाशी कोण बोललं, याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये नसते.

जमैकात १९८६-८७च्या सुमाराला एक काम सुरू झालं. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर या डॉक्टरीणबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांमधली १२९ खुरटलेली मुलं निवडली, ९ ते २४ महिन्यांची. काहींना दर आठवड्याला दुधाची पावडर दिली. काहींच्या घरी आठवड्यातून तासभर आरोग्य कार्यकर्ती खेळ शिकवायला जायची. काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी तीच मुलं शोधून काढली, तेव्हा ज्यांच्या घरी खेळ पोचला होता त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. नुसत्या पावडरीचा असा फरक कमाईत दिसला नाही. यावरून आहार नको असं कुणी समजू नका. पोट भरलेलं हवंच, पण तेवढ्यावर भागत नाही.

ती कार्यकर्ती करायची काय, हे नीट ऐका. टाकाऊ डब्याबाटल्यांची खेळणी घेऊन जायची. एकदा खेळून दाखवायची आणि मग आईला खेळायला लावायची. आईला जमलं की तिचं मनापासून कौतुक करायची. खेळणी घरीच ठेवून यायची आणि पुढच्या आठवड्याला बदलायची. सगळी भिस्त आईवर, कारण कार्यकर्ती तासाभराने जाते, आई दिवसभर असते.

ते शहर होतं, खरं आहे. पण ओडिशाच्या खेड्यांतही हे करून पाहिलं गेलं. काही गावांत गावातल्याच बाया घरोघरी गेल्या, काही गावांत दर आठवड्याला आया आपापली लेकरं घेऊन एकत्र बसल्या. दोन्हीकडे मुलांची समज जवळपास सारखीच सुधारली, आणि एकत्र बसण्याला खर्च कितीतरी कमी आला. मला हे आपल्यासाठी फार मोलाचं वाटतं. आयांना एकत्र बसवायला अंगणवाडीची ओसरी पुरते.

आता आया काय म्हणतात ते सांगते. ‘ताई, पटतं सगळं, पण वेळ कुठंय?’ पहाटे पाणी, चूल, मग रानात खुरपणी, परत आल्यावर भांडी. ऊसतोडीला गेलेल्या बाईचं तर विचारूच नका. फडाच्या कडेला झोळीत लेकरू आणि हातात कोयता. अशा बाईला ‘मुलाशी खेळत जा’ असं फर्मान सोडणं हा तिच्यावर अन्याय आहे. म्हणून मी दोन गोष्टी मागते.

पहिली, वेगळा वेळ नको, आहे त्या कामातच बोला. तेल लावताना ‘हा हात, हा पाय’ म्हणा. भाकरी थापताना सहा महिन्यांच्या बाळाला लाकडी पळी द्या, ते आपटेल, चाटेल. नऊ महिन्यांच्या बाळासमोर वाटीखाली चमचा लपवा. वर्षाच्या मुलाला डबा आणि त्यात टाकायला झाकणं द्या. दीड वर्षाचं मूल करवंट्या एकावर एक रचतं. आईला लिहितावाचता येत नसलं तरी यातलं काही अडत नाही. एक सांभाळा: शेंगदाणा, मणी, नाणं, बटणासारखा सेल, तोंडात मावेल असं काही हाताशी ठेवायचं नाही. आणि मोबाइल नको. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांच्या आत पडदा नकोच म्हणते.

दुसरी मागणी घरातल्यांकडे. सासूबाई, सून बाळाशी बोलत बसली तर ‘काम सोडून काय बडबडतेस’ म्हणू नका. आणि दादांनो, संध्याकाळी घागरभर पाणी तुम्ही आणलंत तर तेवढा वेळ लेकराला मिळतो. तुमच्या मांडीवरही ते खेळतंच की. बापाने बाळाशी बोबडं बोललं तर गाव हसतं, हे मी ऐकलंय. हसू द्या.

सेविकाताई, पुढच्या टीएचआरच्या दिवशी एवढं करा. काट्याशेजारी सतरंजी टाका, डबे-करवंट्या मांडा, आणि वजन झालेल्या आईला लेकरासह दहा मिनिटं बसवा. माता-बाल संरक्षण कार्डात कोणत्या महिन्यात बाळाने काय करायला हवं त्याची चित्रं आहेत. ते पान तिच्यासोबत उघडा. बाळ आवाजाकडे वळत नसेल, नजर देत नसेल, तर ‘बोलेल उशिरा, बापही उशिराच बोलला’ म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक गावात येतं तेव्हा दाखवा, आणि ते यायला वेळ असेल तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा.