सोळा घरं, दोन सूचना

(दृश्य: कोरा कागद. पेन्सिलीने आखलेला चार बाय चारचा तक्ता.)

तक्ता अजून रिकामा आहे. वरच्या कडेला चार अक्षरं, डाव्या कडेला तीच चार: अ, ब, क, ड. आत सोळा घरं. प्रत्येक घरात या चारांपैकीच एक अक्षर भरायचंय, आणि हाताशी सूचना आहेत फक्त दोन.

क आणि क मिळून क.
अ आणि अ मिळून ड.

एरवीच्या तर्ककोड्यात सूचनांची रांग लागलेली असते. लाल घरात कोण राहतं, कुत्रा कुणाचा, शेजारी काय पितो. इथे तसं काहीच नाही. तरीही हे कोडं सुटतं आणि एकाच प्रकारे सुटतं, कारण हा तक्ता एका गटाचा आहे. अमूर्त बीजगणितात गट म्हणजे घटकांचा असा संच, ज्यात कोणतेही दोन घटक मिळवले तरी उत्तर संचातच राहतं. त्यात एक अविकारक घटक असतो, बेरजेत शून्य असतं तसा. प्रत्येक घटकाला त्याचा व्यस्त असतो, म्हणजे ज्याच्याशी मिळवला की अविकारक येतो असा घटक. आणि साहचर्य असतं, म्हणजे कंस कुठेही घातला तरी उत्तर बदलत नाही. या नियमांतून एक गोष्ट आपोआप निघते: प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत प्रत्येक अक्षर एकदाच येतं.

(दृश्य: पेन्सिल क च्या ओळीवर येते.)

आधी क कडे बघू. क आणि क मिळून पुन्हा क. दोन्ही बाजूंना क चा व्यस्त लावा, की क हाच अविकारक निघतो. म्हणजे क ची आडवी ओळ भरली, उभी ओळ भरली. सात घरं झाली. दुसऱ्या सूचनेने आठवं. तक्ता निम्मा भरलासुद्धा.

आता अ ची आडवी ओळ. तिथे अ आणि ड बसले आहेत, उरले ब आणि क. ब च्या उभ्या ओळीत ब आधीच आहे, तेव्हा अ-ब च्या घरात ब येऊच शकत नाही. तिथे क. मग अ-ड मध्ये ब. हाच विचार उभ्या ओळीत केला, की ब-अ मध्ये क आणि ड-अ मध्ये ब. बारा घरं. शेवटची चार ब आणि ड च्या ओळींत उरतात. ब च्या ओळीला हवेत अ आणि ड. ड च्या उभ्या ओळीत ड बसलेला आहे, म्हणून ब-ड म्हणजे अ, आणि ब-ब म्हणजे ड. मग ड-ब मध्ये अ, ड-ड मध्ये क.

सोळा घरं भरली आणि एकदाही अंदाज करावा लागला नाही. मला हा क्षण फार आवडतो. दोन वाक्यांत अख्खा तक्ता दडलेला होता.

दुसरी सूचना जराशी बदलून बघा: अ आणि अ मिळून क. बारा घरं तशीच झरझर भरतात, पण शेवटची चार दोन प्रकारे भरता येतात, आणि दोन्ही तक्ते खरे गट असतात. चार घटकांचे गट मुळात दोनच जातींचे. हे 1854 साली इंग्रज गणितज्ञ आर्थर केली यांनी मांडलं, आणि गटाचा असा तक्ताही त्यांनीच त्या लेखात दिला. तेव्हा ते लंडनमध्ये वकिली करत होते. आज अशा तक्त्याला केली यांचंच नाव आहे.

(दृश्य: नवा कागद. पाच बाय पाच.)

चार घटकांपर्यंत फसवणूक होत नाही. अविकारक ठरला आणि कोणत्याही ओळीत अक्षर दोनदा आलं नाही, की तक्ता गटाचाच असतो. पाचापासून मात्र जपून. पहिली आडवी आणि पहिली उभी ओळ ठरवून दिली, तर असे 56 तक्ते तयार होतात. त्यांतले गट फक्त 6.

त्या 50 खोट्यांपैकी हा एक. क अविकारक. अ, ब, ड, इ यांपैकी कुणालाही स्वतःशीच मिळवलं की क येतो. ओळी तपासा, उभ्या तपासा, कुठेही चूक सापडणार नाही. आता अ, अ आणि ब घ्या, याच क्रमाने. आधी दोन अ मिळवले तर क येतो, आणि क ला ब लावला तर ब. तेच आधी अ आणि ब मिळवले, तर या तक्त्यात ड येतो, आणि अ ला ड लावला तर इ. एकदा ब, एकदा इ. साहचर्य मोडलं.

हा नियम डोळ्यांना दिसत नाही. तो दोन घरांत नसतो, तीन घटकांच्या तिकडीत असतो, आणि पाच घटकांच्या अशा तिकड्या होतात 125. पण त्या सगळ्या तपासायची गरज नाही. लाग्रांज यांच्या नावाने ओळखलं जाणारं प्रमेय सांगतं, की एखादा घटक किमान जितक्या वेळा घेतला म्हणजे अविकारक मिळतो, ती संख्या गटाच्या घटकसंख्येला नि:शेष भागते. दोनाने पाचाला भाग जात नाही. अविकारक सोडून कुणीही स्वतःशी मिळून क देऊच शकत नाही. तक्ता भरण्याआधीच खोटा ठरला होता.

(दृश्य: कागदाचा चौरस, वरच्या डाव्या कोपऱ्यात ठिपका. बोट त्याला फिरवतं.)

पुन्हा आपल्या पहिल्या तक्त्याकडे. तो या चौरसाचा आहे. चौरस न फिरवणं, पाव फेरा उजवीकडे, अर्धा फेरा, पाव फेरा डावीकडे. कुठलं अक्षर कुठला फेरा? क म्हणजे न फिरवणं. ड दोनदा केला की सगळं पूर्ववत, म्हणून ड अर्धा फेरा. आणि अ?

अ उजवीकडचा माना, सोळाही घरं जुळतात. डावीकडचा माना, तरीही जुळतात. अ आणि ब यांची अदलाबदल केली तरी तक्ता तसाच राहतो, म्हणून तक्त्यातून कितीही सूचना काढल्या तरी डावं-उजवं कळणार नाही. कोडं रचणाऱ्याला इथे तक्त्याबाहेरून एक सूचना द्यावीच लागते.

ती ही: अ केल्यावर ठिपका वरच्या उजव्या कोपऱ्यात येतो.

(दृश्य: चौरस एकदाच फिरतो. अ समोर बरोबरची खूण. ब ला उरतो डावीकडचा फेरा.)