कॅन्सरचं इंजेक्शन एचआयव्हीला पळवून लावेल का?

नमस्कार मंडळी! "एचआयव्हीवर कॅन्सरचं इंजेक्शन निघालं, आता गोळ्या बंद" असा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर येऊन पडला असेल. निम्मं खरं आहे त्यात. पण गोळ्या बंद? तो नाद करायचा नाही.

(गोळ्यांची डबी कॅमेऱ्याजवळ)

ही बघा, आपल्या कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यातल्या एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांच्या, सेंटरमध्ये मिळते तशी डबी. एकाच गोळीत टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर. लेबल नखानं खरडून काढलंय, दिसतंय का? एसटीत, घरात कुणी वाचू नये म्हणून. सरकार 2004 पासून एआरटी फुकट देतंय. नियमित घेतली तर व्हायरस तपासणीत सापडेनासा होतो आणि मग संबंधातून जोडीदारालाही लागण होत नाही.

मग पूर्ण बरं व्हायला अडतं कुठं? सीडी4 पेशींत, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींत. व्हायरस आपला मजकूर थेट पेशीच्या डीएनएत घुसवतो आणि काही पेशींत गप पडून राहतो. गोळी लागू पडते ती नव्या प्रती निघताना. जो काही करतच नाही, त्याला ती काय करणार? गोळी सोडली की बहुतेकांत काही आठवड्यांतच स्वारी परत रक्तात.

आता पीडी-1. हा रोगाशी लढणाऱ्या पेशींवरचा ब्रेक. 1992 मध्ये जपानच्या तासुकू होंजो यांच्या लॅबमध्ये सापडला. 2018 च्या नोबेलचे ते एक मानकरी. कॅन्सर हाच ब्रेक दाबून आपल्या पेशींना रोखतो आणि फॉरवर्डमधलं कॅन्सरचं इंजेक्शन, पेम्ब्रोलिझुमॅब, तो सोडवतं. खरी गंमत पुढं आहे. एचआयव्ही लपतो त्या बऱ्याच पेशींवर हाच पीडी-1 भरपूर असतो! पेशी शांत, म्हणून आतला पाहुणाही शांत. ब्रेक सोडला तर तो जागा होईल आणि त्याला मारणाऱ्या, दमून बसलेल्या पेशीही उठतील, असा हिशोब.

2022 मध्ये कॅन्सर आणि एचआयव्ही दोन्ही असलेल्या 32 जणांवरचा अभ्यास आला. पेम्ब्रोलिझुमॅबनंतर लपलेला व्हायरस हलल्याच्या खुणा दिसल्या. खुणाच हां, एचआयव्ही बरा झाला असं नव्हे.

शिवाय मोकळ्या सुटलेल्या पेशी आतडी, फुप्फुसं, थायरॉइडवर उलटू शकतात. कॅन्सरमध्ये जिवावर बेतलेलं असतं, म्हणून डॉक्टर तो धोका पत्करतात. पण रोज एक गोळी घेऊन गुऱ्हाळावर राबणाऱ्या धडधाकट माणसाला हे टोचायचं? मला तरी आज ते पटत नाही. कमी डोस आणि दुसऱ्या औषधांची जोड यावर संशोधन चालू आहे, ते होऊ दे.

तोवर कुणी "एचआयव्हीचं इम्युनोथेरपी इंजेक्शन (म्हणजे असं पेशींना उठवणारं) देतो" म्हणालं तर खिशात हात घालू नका. एचआयव्हीसाठी त्याला अजून मान्यताच नाही. शंका असेल तर सेंटरच्या समुपदेशकांना विचारा.