घर्षणातली वीज, ग्राफीनचा थर

नायलॉन आणि टेफ्लॉन एकमेकांना टेकले की टेफ्लॉन इलेक्ट्रॉन ओढून घेतं. ते वेगळे झाले तरी तो ऋण भार टेफ्लॉनच्या पृष्ठभागावर अडकून राहतो. दोन्ही थरांमागे इलेक्ट्रोड, म्हणजे वीज वाहून नेणारे पातळ पत्रे, लावून ते तारेने जोडा. थर दूर गेले की इलेक्ट्रॉन तारेतून एका बाजूला धावतात, जवळ आले की उलटे फिरतात. चालताना, हात हलवताना हे सतत घडवता येतं. अशा उपकरणाला ट्रायबोइलेक्ट्रिक नॅनोजनरेटर म्हणतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये झोंग लिन वांग यांच्या गटाने २०१२ साली ते मांडलं.

अंगावर घालायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो इलेक्ट्रोडचा. धातूचा पातळ मुलामा वारंवार वाकवला की त्याला तडे जातात. इथे ग्राफीन कामाला येतं.

कार्बनच्या अणूंचा हा एकच पदर. जाडी सुमारे ०.३४ नॅनोमीटर. वीज उत्तम वाहून नेतो, सहज वाकतो आणि जवळपास ९८ टक्के प्रकाश आरपार जाऊ देतो. मँचेस्टरमध्ये २००४ साली आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे पापुद्रे काढत तो वेगळा केला, आणि २०१० चं नोबेल मिळवलं.

कापडावर मात्र असा निर्दोष पदर चढवणं कठीण. म्हणून बरेचदा कापड ग्राफीन ऑक्साइडच्या द्रावणात बुडवून वाळवतात, मग त्यातला ऑक्सिजन रासायनिक प्रक्रियेने कमी करतात. धाग्यावर उरतात एकमेकांवर चढलेले बारीक पापुद्रे. प्रत्येक सांध्यावर विजेला अडथळा होतो, त्यामुळे एकसंध पदराइतकी वाहकता मिळत नाही. तरीही मला हाच मार्ग आशादायक वाटतो, कारण कापड कापडासारखं मऊ राहतं.

विद्युतदाब शेकडो व्होल्टपर्यंत जातो, पण प्रवाह बहुधा मायक्रोअँपिअरमध्येच असतो. त्या मोठ्या आकड्याने हुरळून जाऊ नये. घाम आणि दमट हवा पृष्ठभागावरचा भार गळवतात, म्हणून थर सिलिकॉन रबरात बंद करावे लागतात. पहिल्या दिवशीच्या व्होल्टपेक्षा अनेक धुण्यांनंतर किती भार टिकला, हे आधी विचारायला हवं.

फोन चालवण्याइतकी ही वीज नाही. पण छातीवरच्या पट्ट्यात श्वासागणिक थर दाबले जातात, आणि उमटणारा विद्युतदाबच श्वासाची नोंद ठरतो. ती ओळखायला संवेदकाला वेगळी वीज लागत नाही. नोंद बिनतारी पाठवायला मात्र लागते. त्यासाठी उलटसुलट प्रवाह एकदिश करून कपॅसिटरमध्ये, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या छोट्या घटकात, साठवतात, आणि पुरेसा साठा झाला की संदेश सुटतो.