पहिली नोकरी आणि शुक्रवारचा मेल

श्रोतेहो, नमस्कार.

कॉलेज संपून ऑफर लेटर हातात पडलं की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत पहिला प्रश्न येतो, ‘पॅकेज किती?’ पोरगं सांगतं, चार लाख. आई लगेच बारानं भागते आणि तेहतीस हजार धरून बसते. खात्यात मात्र पंचवीस हजारांच्या आसपास जमा होतात, आणि घरच्यांना वाटतं, पोरगं काहीतरी लपवतंय.

लपवत नसतं. कंपनी सांगते तो आकडा सीटीसीचा, म्हणजे तुमच्यावर वर्षभरात होणारा तिचा एकूण खर्च. समजा, त्यात बेसिक 2 लाख आहे. त्याचे 12 टक्के, म्हणजे 24 हजार, हा पीएफमधला कंपनीचा वाटा; तोही त्या चार लाखांतच धरलेला. तेवढीच रक्कम तुमच्या पगारातून कापली जाते. पुढे नोकरी सोडताना मिळू शकणाऱ्या ग्रॅच्युइटीचे साडेनऊ हजारही त्याच चार लाखांत. त्यातच चाळीसेक हजार ‘व्हेरिएबल’, वर्ष बरं गेलं तर मिळणारे. म्हणून सही करण्याआधी एचआरला सरळ विचारा, ‘दरमहा हातात किती येणार?’ त्यात कमीपणा कसला? बाँड आहे का, म्हणजे ठरावीक काळ नोकरी सोडायची नाही असा करार; नोटीस पीरियड किती, म्हणजे राजीनाम्यानंतर किती दिवस काम करावं लागणार; हेही तेव्हाच विचारून घ्या.

पण माझ्या मते पगाराहून मोठा प्रश्न दुसराच आहे. पहिली दोन वर्षं शिकवणारं कोण भेटतं? मेकॅनिकल शिकलेली पोरं निव्वळ कंपनीच्या नावासाठी पुण्यात रात्रपाळीला कॉल घेत बसतात. त्यापेक्षा उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, कास्टिंगला (ओतलेल्या भागाला) ब्लो-होल, म्हणजे हवेची भोकं, का पडली हे वाळूपासून शोधायला लावणारा सिनिअर मिळाला, किंवा हत्तरगीच्या सेझमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात, विमानाच्या सुट्या भागांची तपासणी शिकता आली, तर पुढच्या मुलाखतीत बोलायला काहीतरी असतं. पुण्या-बंगळूरला जरूर जा. कशासाठी जातोय ते मात्र ठरवून जा.

आता नोकरी लागल्यावरचं. आपल्याकडची पोरं कामाला वाघ, पण मीटिंगमध्ये तोंड उघडत नाहीत. ‘काम दिसतंच की, सांगायचं कशाला?’ अहो, दिसत नाही! साहेबाच्या हाताखाली दहा-पंधरा जणं असतात. अप्रेझलला, म्हणजे वर्षाच्या कामाचं मोजमाप करायला, बसल्यावर त्याला शेवटच्या महिन्यातलं तेवढं आठवतं. म्हणून दर शुक्रवारी निघण्याआधी त्याला चार ओळींचा मेल टाका: काय संपलं, काय अडलं, कोणाकडे अडलं, पुढच्या आठवड्यात काय. ‘खूप मेहनत घेतली’ असलं काही नको. ‘40 चुकीच्या बिलांपैकी 31 दुरुस्त झाली, 9 बाबत व्हेंडरचं उत्तर यायचंय’, असं लिहा. त्याला फर्डं इंग्रजी लागत नाही. वर्षाअखेरीस हेच मेल उघडून बसलात की अप्रेझलचा फॉर्म भरायला डोकं खाजवावं लागणार नाही.

इंग्रजीच्या धास्तीत आपण हातचं विसरतो, ते असं: आपली पोरं एकाच टपरीवर मराठी, कन्नड आणि हिंदी बोलतात. हुबळीचा डीलर आणि कोल्हापूरचा व्हेंडर, दोघांशी त्यांच्या-त्यांच्या भाषेत बोलणारा माणूस सेल्सला आणि पर्चेसला हवाच असतो. सीमाप्रश्नावर तुमचं मत काहीही असो, कन्नड येतं हे बायोडेटात लिहा.

दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलाल, तेव्हा पीएफ काढून मोबाइल घेऊ नका. यूएएन, म्हणजे तुमच्या पीएफचा कायमचा नंबर, तोच राहतो, रक्कम नव्या कंपनीतल्या पीएफ खात्यात ट्रान्सफर होते. पाच वर्षांच्या आत काढली तर टॅक्सही बसू शकतो. आणि भांडून निघू नका. नोटीस पीरियड पुरा करा, रिलिव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नका. नवी कंपनी आधी तेच कागद मागते.

नमस्कार.